रिकाम्या चार ओळी

आमच्या नॉर्बी गावात चर्चमध्ये पुढे कोणी बसत नाही. का, असं विचाराल तर सांगता यायचं नाही. पणजोबा नॉर्वेहून इथे, अमेरिकेतल्या आयोवात आले तेव्हापासून माणसं मागून भरत येतात. शेवटची ओळ आधी, मग तिच्या पुढची, आणि पहिल्या चार ओळी वर्षानुवर्षं नव्यासारख्या चकचकीत. पाद्री येतात, पाचदहा वर्षं त्या रिकाम्या बाकांना प्रवचन देतात आणि निवृत्त होतात. पुढे बसणं म्हणजे मिरवणं, आणि मिरवण्याइतकी वाईट खोड आमच्यात दुसरी नाही. एखाद्याने चोरी केली तर आम्ही त्याच्या घरी जेवणाचा डबा तरी पोचवू.

आर्डिस टॉलफसन पुढे बसायला लागली ती कान गेल्यावर. त्याआधी चाळीस वर्षं ती आणि लॅव्हॉन बाके शेवटून दुसऱ्या ओळीत, खिडकीच्या बाजूला बसायच्या. दोघींची लग्नं एकाच उन्हाळ्यात झालेली, दोघींचे नवरे एकाच धान्याच्या कोठारावर कामाला, आणि दोघी विधवाही पाठोपाठच झाल्या. प्रवचन लांबलं की लॅव्हॉन पर्समधून लिमलेटची गोळी काढायची आणि न बघता आर्डिसच्या हातावर ठेवायची.

मग आर्डिसला पाद्र्यांचे फक्त ओठ हललेले दिसायला लागले. यंत्र लावलं, पण त्यात माणसाच्या आवाजाआधी पानांची सळसळ आणि खोकलेच जास्त यायचे. डॉक्टर म्हणाले, बोलणाऱ्याच्या समोर बसा, तोंड दिसेल असं.

"चल ना, पुढे जाऊन बसू," ती लॅव्हॉनला म्हणाली.

"तिथे?" लॅव्हॉनने पुढच्या ओळीकडे असं पाहिलं की जणू छपरावर बसायला सांगितलंय. "अगं, सगळ्या गावाचे डोळे पाठीत घुसतात तिथे. तू जा. तुझं कानाचं कारण आहे, तुला कोण नाव ठेवणार!"

आर्डिस गेली. पुढच्या रविवारी सहज मागे वळून पाहिलं तर तिच्या जागेवर लॅव्हॉनची पर्स ठेवलेली होती.

भांडण काही झालं नाही. झालं असतं तर बरं, भांडण मिटवता तरी येतं. मंगळवारी कॅफेत सगळ्या बायका कॉफीला जमायच्या, तिथेही आर्डिस जात राहिली. पण सहा जणी एकदम बोलायला लागल्या की तिला काही कळायचं नाही. मग सगळ्या हसल्या की तीही हसायची, जराशी उशिरा. हे इतरांच्याही लक्षात यायचं आणि तिच्याही. हळूहळू तिने मंगळवार सोडला. कोणी विचारलं नाही असं नाही, विचारलं; पण तिला ऐकू आलं नाही, आणि दुसऱ्यांदा मोठ्याने विचारायचा कंटाळा माणसाला येतोच.

आता त्या टीव्हीवाल्या भानगडीकडे येतो.

दर चार वर्षांनी, राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कोणाला उभं करायचं याची झोंबाझोंबी सुरू झाली की ती आधी आमच्याकडे सुरू होते. त्या थंडीत देशातले सगळे इच्छुक आमच्या चर्चांच्या तळघरांतून फिरत असतात. आमचे हॅमचे बन खातात, कॉफी चांगली आहे म्हणतात (नसते), आणि मका या विषयावर मत देतात. आम्हाला त्याचं अप्रूप राहिलेलं नाही. "तुझं मत कोणाला?" असं विचारलं तर आमच्यातला माणूस म्हणतो, "अजून त्याला दोनदाच भेटलोय."

नोव्हेंबरात एमेट रास्का आला. कुठल्याशा छोट्या राज्याचा माजी गव्हर्नर. उंच, जरा पोक काढून चालणारा, कोट गाडीत बसून चुरगळलेला. गाडी स्वतःच चालवत आला. तळघर भरलं. खुर्च्यांच्या मागच्या ओळी, भिंतीलगतची जागा, स्वयंपाकघराचं दार, जिना, सगळीकडे माणसं. नव्वदच्या आसपास असतील, आणि आमच्या गावाच्या मानाने ती जत्राच. पुढच्या चार ओळी अर्थातच रिकाम्या. पहिल्या ओळीत मधोमध आर्डिस, मांडीवर पर्स, एक हात कानामागे.

रास्काने तो हात पाहिला. माइक खाली ठेवला, चार पावलं पुढे आला आणि तिच्या समोर उभा राहून बोलायला लागला. सावकाश, तोंड तिच्याकडे करून. लहान गावांतले दवाखाने कसे एकेक बंद पडताहेत, आमच्या जिल्ह्यातल्या बाळंतिणीला आता बर्फातून तासभर जावं लागतं, याबद्दल बोलला. आर्डिसने ते सगळं ऐकलं. एक अख्खं भाषण, पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत, किती दिवसांनी! तिचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं, याचंही तिला भान नव्हतं.

शेवटी त्याने तिचा हात हातात घेतला. "ऐकू आलं ना?"

"शब्द न् शब्द," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. राजकारणाने नव्हे. बोलणं कानापर्यंत पोचलं म्हणून.

एका मोठ्या वाहिनीचा कॅमेरा त्या वेळी पियानोपाशी उभा होता.

दुसऱ्या संध्याकाळी ते चित्र देशभर झळकलं. चौकटीत गव्हर्नर रास्का, हात पुढे करून बोलतोय. समोर एक म्हातारी, तोंड उघडं. तिच्या आजूबाजूला आणि मागे रिकाम्या खुर्च्या. कॅमेरा जरा वर उचलला असता तर अख्खं गाव दिसलं असतं. तो उचलला नाही. खाली अक्षरं होती: 'रास्कांची सभा.' एवढंच. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. निवेदकाने नुसत्या भुवया उंचावल्या आणि शेजारची निवेदिका हसू दाबायला खाली बघायला लागली.

आर्डिसच्या घरचा फोन खणखणला. त्याला आवाज वाढवायची कळ होती, त्यामुळे फोनवर तिला नीट ऐकू यायचं. तिची मुलगी कॅरिन दूर तिकडे वाळवंटातल्या फिनिक्सला असते. ख्रिसमसला भेटवस्तू पाठवते, वाढदिवसाला फुलं. चार वर्षांत आलेली नव्हती. कामं असतात माणसांना.

"आई, तू टीव्हीवर आहेस."

"हो का? केस बरे दिसत होते?"

"आई!" कॅरिनचा आवाज ओला होता. "तू इतकी एकटी पडलीयेस, मला कधी बोलली नाहीस."

"अगं, एकटी कसली? मागे नव्वद माणसं होती. सगळं गाव होतं."

"मी बघितलं ना गं."

"ते मागे होते, कॅरिन. आपल्याकडे मागे बसतात, विसरलीस का?"

पण कॅरिन तिशी उलटायच्या आधीच गाव सोडून गेलेली, आणि तिला दिसलं ते दिसलं. "मी फेब्रुवारीत येते," ती म्हणाली. "आठवडाभर राहीन. घराचं काय ते बघू. इथे माझ्यापासून जवळच एक छान जागा आहे. तुझ्या वयाची माणसं आहेत, जेवण आहे, पत्ते खेळतात."

"मला पत्ते आवडत नाहीत."

"आई, तू एकटीच रिकाम्या खुर्च्यांत बसलेली होतीस."

आर्डिसने फोन ठेवला. घर सोडायचं नव्हतं तिला. या घराचा जिना तिला अंधारातही चढता येतो. आणि लेक येणार याचा आनंदही होत होता, त्याची तिला लाज वाटली. लेक येणार, ती आई एकटी आहे म्हणून. एकटी नाही हे दाखवून दिलं की झालं, असं तिने मनाशी ठरवलं. चित्र खोटं आहे हे एकदा सिद्ध झालं की घरही राहील, आणि मग लेक नुसती भेटायला येईल.

पण ते चित्र थांबायचं नाव घेईना. रास्काच्या माणसांनी तक्रार केली. वाहिनीने सांगितलं, चित्र अस्सल आहे, काहीही कापलेलं नाही. तेही खरंच होतं. मग कोणी म्हणालं म्हातारी भाड्याने आणलेली, कोणी म्हणालं वाहिनीने खुर्च्या मुद्दाम मांडल्या. विनोद करणाऱ्यांचं तर फावलंच. 'रास्काचा महासागर' असं कोणीतरी त्या चार ओळींना नाव दिलं. इच्छुकांच्या वादसभेत रास्काला अगदी कडेला उभं केलं आणि दोन तासांत एकच प्रश्न विचारला. तोही त्या खुर्च्यांबद्दल. आर्डिस टीव्ही बघते तो खाली उमटणारी अक्षरं वाचत, त्यामुळे तिच्याकडून एकही वाक्य सुटत नाही. रास्का म्हणाला होता, "त्या बाईंनी माझा शब्द न् शब्द ऐकला. तुमच्यापैकी कोणी ऐकला असतात तर मी काय बोललो तेही लोकांना कळलं असतं." दुसऱ्या सकाळी बातम्यांत प्रश्न दाखवला, हशा दाखवला. उत्तर नव्हतंच. आठवडाभराने इच्छुकांची यादी पडद्यावर आली, तर रास्का 'इतर' या शब्दात गेलेला.

आणि आमचं गाव? गाव तोंड मिटून बसलं. त्या तळघरातल्या नव्वद जणांतल्या अर्ध्यांना तो आवडला होता, हे मला पक्कं माहीत आहे. पण हसं झालेल्या माणसाच्या बाजूने आपण होतो, असं पहिल्यांदा कोण म्हणणार? म्हणजे पुन्हा पुढे बसणंच झालं.

आर्डिस 'नॉर्बी मेसेंजर'च्या कचेरीत गेली. आमचं साप्ताहिक ड्वेन सॅदर एकटाच चालवतो. तिसरीत आर्डिस त्याची शिक्षिका होती, त्यामुळे पन्नाशीतही तिच्यासमोर टोपी काढून उभा राहतो.

"बाई, मी छापलं होतं की," तो मोठ्याने, तोंड समोर धरून म्हणाला. "तळघर खचाखच भरलं, असं छापलं होतं. वाहिनीला पाठवलंसुद्धा. पोच पण नाही."

"फोटो छापलास?"

ड्वेन कानामागे खाजवायला लागला. "फोटो मी काढला तो बनच्या टेबलाचा. लोकांना आवडतो."

"मग आता काढ. तेच तळघर, त्याच खुर्च्या, तीच माणसं. रविवारी प्रार्थनेनंतर सगळे कॉफीला खाली येतातच. मी लिंबाच्या वड्या करते."

"आणि छापायचा?"

"छाप, वाहिनीला पाठव. आणि एक मला दे, फिनिक्सला पाठवायचाय."

रविवारी सगळे आले. आर्डिसने तीन ताटं भरून लिंबाच्या वड्या केल्या होत्या, हेही कारण असेल, पण आले. ड्वेनने खुर्च्या तशाच मांडल्या आणि पियानोपाशी शिडीवर चढला. आर्डिस आपल्या जागेवर जाऊन बसली, निळा स्वेटर, पर्स मांडीवर. मागे खुर्च्या सरकल्याचं तिला जमिनीतून जाणवत होतं. चांगली गर्दी आहे, असं वाटून तिला बरं वाटलं.

मग ड्वेनचा चेहरा पडला. तो काहीतरी बोलायला लागला, हात हलवत, पुढे या, पुढे या. आर्डिसने मागे वळून पाहिलं.

शेवटची ओळ भरली होती, तिच्या पुढची भरली होती. भिंतीलगत माणसं उभी होती, जिन्यात बसली होती. आणि पहिल्या चार ओळी रिकाम्या.

"अहो, या ना पुढे!" ड्वेन ओरडत होता. "फोटोच त्याचा काढायचाय!"

"आम्ही त्या दिवशी इथेच होतो," मागून मर्ल हॅगन म्हणाला. "खरं ते दाखवायचं म्हणतोस ना? मग मी जिन्यातच होतो."

"मर्ल, फक्त पाच मिनिटं."

"गुडघा वाकत नाही रे माझा."

"क्लॅरिस, तुम्ही तरी."

"आधी पाद्रीबाबांना बसव, मग मी."

"पाद्रीबाबा पुढे बसले तर प्रवचन कोण देणार?" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. आर्डिसला फक्त तोंडं उघडलेली दिसली. ती हसली नाही. तिने लॅव्हॉनला शोधलं. लॅव्हॉन शेवटून दुसऱ्या ओळीत, वडी खात होती. दोघींची नजर भेटली. लॅव्हॉनने खांदे उडवले, ओशाळल्यासारखी हसली आणि शेजारच्या खुर्चीवरची पर्स उगाच नीट केली.

आर्डिसने तिला हाताने खूण केली. ये. शेजारच्या खुर्चीवर थोपटून दाखवलं.

लॅव्हॉनने आजूबाजूला पाहिलं. अर्धवट उठलीसुद्धा, हे मी शपथेवर सांगतो. मग क्लॅरिसने तिला काहीतरी विचारलं, ती उत्तर द्यायला वळली आणि पुन्हा बसली.

ड्वेनने फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो फोटोची प्रत घेऊन आर्डिसच्या दारात आला. फोटो उत्तम होता, शिडीवरून काढल्यामुळे सगळं गाव त्यात आलं होतं, प्रत्येकाचा चेहरा ओळखू येत होता.

"बाई, आता कोणी म्हणणार नाही की सभा रिकामी होती," ड्वेन म्हणाला. "छापू ना?"

आर्डिस बघत राहिली. सगळं गाव होतं. मग चार ओळी. मग ती. वाहिनीच्या चित्रात निदान असं म्हणायला जागा होती की माणसंच आली नव्हती.

"नको छापूस," ती म्हणाली.

"फिनिक्सला?"

"नको रे. वड्या उरल्यात, घेऊन जा."

फोटो तिने पोळपाट-लाटण्याच्या खणात, लेफ्सा, म्हणजे आमच्या बटाट्याच्या पोळ्या, लाटायच्या फडक्याखाली ठेवला. राग कोणावर काढायचा ते तिला कळेना. वाहिनीवर काढला तर सोपं होतं; ती वाहिनी दूर होती, श्रीमंत होती आणि तिने रास्काला पुरतं बुडवलं होतं. पण पर्स काही त्या वाहिनीने खुर्चीवर ठेवली नव्हती.

मग जानेवारीत पक्षाचा उमेदवार निवडायचा दिवस आला. आमच्याकडे चिठ्ठी टाकून मत देत नाहीत. शाळेच्या व्यायामशाळेत संध्याकाळी सगळे जमतात आणि ज्याचा जो इच्छुक त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत. डोकी मोजतात. ज्या कोपऱ्यात शंभरामागे पंधरा माणसंही नसतील तो मोडतो आणि तिथल्यांनी दुसरीकडे जायचं किंवा घरी जायचं. घरी गेलात तर तुमचं मत कुठेच लिहिलं जात नाही.

सगळ्यात मोठा कोपरा सेनेटर व्हिटफील्ड बाईंचा होता. टीव्हीने दोन महिने त्यांनाच जिंकवलं होतं, आणि जिंकणाऱ्याबरोबर उभं राहायला कोणाला लाज वाटत नाही. तिथे घडीच्या खुर्च्या होत्या, केक होता, आणि त्याच वाहिनीचा कॅमेराही तिथेच होता. रास्काचा कोपरा सामानाच्या खोलीच्या दाराशी, जिथे उड्या मारायच्या गाद्या ठेवतात. भिंतीवर त्याच्या नावाचा कागद चिकटवलेला, एका बाजूने सुटलेला.

आर्डिस तिथे जाऊन उभी राहिली. आधी तिने कागद नीट चिकटवला.

कोणी आलं नाही. मर्ल हॅगन समोरून गेला, थांबला, जवळ येऊन तिच्या कानाशी म्हणाला, "बाई, माणूस चांगला होता हो. पण आता त्याचं काही खरं नाही. मत फुकट जाईल." आणि व्हिटफील्डच्या कोपऱ्यात गेला. तो एकटा नव्हता. नव्वदातले कितीतरी चेहरे तिला समोर दिसत होते, आणि ते तिच्याकडे सोडून सगळीकडे बघत होते.

डोकी मोजली गेली. अध्यक्ष होती शाळेची ग्रंथपाल, तिने आर्डिसपाशी येऊन, वही खाली करून, तोंड समोर धरून सांगितलं, "बाई, हा कोपरा मोडला. तुम्हाला आता दुसरीकडे जायला हवं. नाहीतर घरी. वेळ आहे, विचार करा."

ही वेळ आमच्याकडे मोठी मजेची असते. मोडलेल्या कोपऱ्यातल्या माणसांना बाकीचे ओढायला बघतात. त्या संध्याकाळी मोडलेला कोपरा एकच होता आणि त्यात माणूस एकच. तीन बाजूंनी लोक आर्डिसला हाका मारायला लागले. हात हलत होते, तोंडं उघडत होती, कोणी केकची बशी वर धरून दाखवत होतं. व्यायामशाळेत आवाज घुमतो; तिच्या यंत्रात नुसता गोंगाट भरला. एक शब्द कळत नव्हता. एवढंच कळत होतं की सगळे तिला बोलावताहेत. किती वर्षांनी!

तिने ठरवलं होतं की हलायचं नाही. रास्का तिच्यासमोर चार पावलं चालत आला होता. निदान एक माणूस इथे उभं होतं, एवढं तरी राहू दे.

तेवढ्यात तिला लॅव्हॉन दिसली. व्हिटफील्डच्या कोपऱ्यात, शेवटून दुसऱ्या ओळीत. ती हाक मारत नव्हती. तिने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली, मांडीवर घेतली आणि रिकाम्या खुर्चीवर हाताने थोपटलं. दोनदा. मग आर्डिसकडे बघत बसली.

आर्डिसने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. मग अख्खी व्यायामशाळा ओलांडून ती गेली. टाळ्या वाजल्या. माणसांनी तिच्या पाठीवर थापा मारल्या, कोणी केक दिला. ती लॅव्हॉनच्या शेजारी बसली. लॅव्हॉनने पर्स उघडली आणि न बघता तिच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली.

त्यानंतर भाषणं झाली. समोर व्हिटफील्डची तरुण कार्यकर्ती बोलत होती, पण मधे माणसांची डोकी होती. ओठसुद्धा दिसत नव्हते. सगळे हसले की आर्डिस हसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की तिने वाजवल्या. वाहिनीचा माणूस कॅमेरा घेऊन ओळीतून फिरत आला, तिच्यापाशी थबकला. डोळे बारीक करून त्याने काहीतरी विचारलं. आर्डिसने लॅव्हॉनकडे पाहिलं. लॅव्हॉन मान हलवत पटापट काहीतरी बोलली आणि तिने आर्डिसच्या खांद्यावर हात टाकला. तो माणूस हसला, कॅमेरा वर केला.

"काय विचारत होता?" आर्डिसने विचारलं.

लॅव्हॉन तिच्या कानाशी वाकली. "ती खुर्च्यांतली बाई तूच का, म्हणे. मी म्हटलं, छे! ही कायम आमच्यातच बसते."

फळ्यावर आकडे लिहिले गेले. रास्कासमोर ग्रंथपालबाईंनी शून्य काढलं, अगदी नीट गोल.

सकाळी आर्डिस कॉफी ओतत होती तेव्हा फोन वाजला.

"आई! बघितलं मी तुला!" कॅरिन अक्षरशः ओरडत होती. "किती मस्त हसत होतीस! लॅव्हॉनमावशीने खांद्यावर हात टाकलेला, आजूबाजूला सगळं गाव. मी इथे ऑफिसात सगळ्यांना दाखवलं, ही माझी आई. एवढं काय हसत होतात गं?"

"असंच," आर्डिस म्हणाली. "सगळे एकदम बोलत होते."

"तू सांगत होतीस तेच खरं होतं. मी उगाच त्या चित्रावर विश्वास ठेवला. टीव्हीवाल्यांचं हे असंच. तुझं घर, तुझी माणसं, तू तिथेच राहा. मी परत घराचा विषय काढणार नाही, शप्पथ."

"बरं झालं."

"आणि ऐक ना, मग मी ते फेब्रुवारीचं तिकीट रद्द करते. इथे कामाचा नुसता डोंगर आहे. तू मजेत आहेस म्हटल्यावर मला काळजी नाही. उन्हाळ्यात बघू, नाहीतर पुढच्या ख्रिसमसला. चालेल ना?"

कळ फिरवून आर्डिसने फोनचा आवाज आणखी वाढवला. लेकीच्या मागे ऑफिसातली माणसं बोलत होती, कोणाचा तरी फोन वाजत होता, तेही तिला स्पष्ट ऐकू आलं.

"आई? ऐकू येतंय ना?"

"शब्द न् शब्द," आर्डिस म्हणाली. "चालेल की. मी मजेत आहे."

फोन ठेवून ती वर गेली. कॅरिनच्या खोलीत पलंगावर धुतलेल्या चादरी घातलेल्या होत्या, उशाला नवे अभ्रे होते, आणि पायाशी गोधडी, कारण फिनिक्सच्या माणसाला इथली थंडी सोसत नाही. तिने गोधडीची घडी केली, अभ्रे काढले आणि चादर ओढून घेतली. मग ते सगळं हातात घेऊन ती त्या पलंगाच्या कडेला थोडा वेळ बसून राहिली.